डावीकडचे भाऊजी

१२ नोव्हेंबर

भाऊजी,

फोन उचलायचा नाही असं ठरवलंच असेल तर नका उचलू. हे पत्र मात्र घ्यावंच लागेल, कारण मी ते तुमच्या प्रेसच्या पत्त्यावर टाकते आहे. मालक सगळ्यांसमोर तुमच्या हातात देतील. घरी पाठवलं असतं तर तुम्ही ते न फोडता गादीखाली सारलं असतं. या घरात आले तेव्हा तुम्ही शाळेत जात होता, त्यामुळे तुमच्या सगळ्या खोडी मला ठाऊक आहेत.

आमच्या लेकीला नोकरी लागली म्हणून हॉटेलात जेवण ठेवलं, त्या दिवसापासून तुमचं बोलणं बंद आहे. मला काही सांगितलं नाहीत, पण पुतणीला मेसेज केलात, "दादाने मला चार लोकांत डावललं. आता त्या घराची पायरी चढणार नाही." तिने तो मला दाखवला आणि मी यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, सख्खा भाऊ शेजारी बसला होता, त्याच्याशी एक शब्द बोलला नाहीत, एवढं काय आभाळ कोसळलं होतं?

तर तुमचे दादा म्हणतात, "कोण भाऊ? तो आलाच कुठे होता?"

भाऊजी, खोटं बोलायलाही काही ताळतंत्र असतं. मी टेबलाच्या समोरच्या बाजूला बसले होते. तुम्ही उशिरा आलात, गर्दीतून वाट काढत यांच्या डाव्या हाताला येऊन बसलात. तुमची जागा लहानपणापासून तीच. तुम्ही डावखुरे, दुसऱ्या बाजूला बसलात की दोघांच्या कोपरांची मारामारी. तुम्ही गप्प, हे गप्प. फ्लेक्सच्या मशीनवरून तुमचं वाजलं आणि तुम्ही आपलं पाट्या रंगवायचं दुकान सोडून प्रेसमध्ये गेलात, तेव्हापासून आधी कोणी बोलायचं हे दोघांनीही ठरवलेलं दिसतं. मग तुम्ही ती नव्या ब्रशांची पेटी यांच्या ताटाशेजारी सरकवलीत. हे उठले, यांचा कोपर लागला, पेटी जमिनीवर, आणि हे मागे वळूनही न बघता हात धुवायला निघून गेले. तुमचा चेहरा मी बघितला. ताट अर्धं टाकून गेलात तेही बघितलं.

आणि हे म्हणतात, आलाच नव्हता. तेसुद्धा कसं, तर पोरगी उशिरा घरी आली की बाप जसा साध्या काळजीने विचारतो तशा आवाजात. "मी वाट बघत होतो त्याची," म्हणाले. मला इतका संताप आला की मी आत जाऊन कपडे पुन्हा धुवायला काढले.

तुम्ही दोघं भाऊ मिळून मला वेड लावणार आहात. एका ओळीत लिहा, तुम्ही काही बोलला होतात का, यांनी काही उत्तर दिलं होतं का. बाकी घरात सगळं ठीक आहे.

तुमची वहिनी


३० नोव्हेंबर

भाऊजी,

उत्तर नाही. पालथ्या घड्यावर पाणी. तरी लिहिते, कारण मागच्या पत्रात "सगळं ठीक आहे" असं लिहिलं होतं आणि ते खरं नव्हतं. तुम्ही रागात होता, मला वाटलं दया मागतेय असं दिसेल.

तुमच्या दादांच्या डाव्या दंडावर निळे डाग आहेत. दाराच्या चौकटीला धडकतात. दुकानात जाताना, दुकानातून येताना, रोजची चौकट, या वयात ती काय नवीन आहे? मी म्हणते, डोळे फुटले का? ते म्हणतात, तू मध्ये काहीतरी ठेवतेस. पाण्याचा तांब्या डाव्या बाजूला ठेवला की तीन हाका मारतात, पाणी कुठे आहे. मी म्हणते नाकाखाली आहे. ताटात डावीकडचं तसंच राहतं आणि वर म्हणतात, आज कमी केलंस. सप्टेंबरात एकदा डोकं धरून बसले होते, उलटी झाली, पित्त म्हणून दोघांनीही सोडून दिलं.

आणि आता दातांच्या डॉक्टरांचा बोर्ड. चौकातले, चष्मेवाले, ज्यांना हसता येत नाही ते. त्यांना लिहून हवं होतं, "न दुखता दात काढून मिळतील". यांनी खडूने सगळी अक्षरं आखली, आखलेली मी स्वतः बघितली. मग रंग भरला, खडू पुसला, आणि बोर्ड लावून आले. दुसऱ्या दिवशी डॉक्टर दुकानात. बोर्डावर काय, तर "दुखता दात काढून मिळतील". पहिला "न" रंगवायचाच राहिला आणि खडूबरोबर पुसला गेला. येणारे-जाणारे फोटो काढत होते म्हणे. एका म्हाताऱ्याने आत जाऊन विचारलं, न दुखता काढायचे असतील तर कुठे जायचं?

तुम्ही असतात तर दोन दिवस हसला असतात. मीही हसले असते, पण हे त्या बोर्डापुढे उभे राहून म्हणाले, "आहे की न. मी भरला होता." आणि बोट ठेवून दाखवायला गेले ते सरळ "दु"वर.

चष्म्याच्या दुकानात नेलं. त्याने नंबर वाढवून दिला. मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. हे म्हणाले, डाव्या डोळ्याला जरा कमी दिसतं. त्यांनी थेंब घातले, दिवा मारला, अक्षरं वाचायला लावली, यांनी खालची ओळसुद्धा घडाघडा वाचली. डॉक्टर म्हणाले, "डोळे ठणठणीत आहेत. डावाही आणि उजवाही. मोतीबिंदू नाही, काही नाही." बाहेर येऊन हे मला म्हणाले, "झालं समाधान?" आणि पायरी उतरताना डावीकडच्या कुंडीला लाथ बसली.

ठणठणीत डोळ्यांचा माणूस कुंडीला लाथ कशाला मारेल, सांगा. मला कोणीच सांगत नाही.

वहिनी


१८ डिसेंबर

भाऊजी,

आज मी नीट बसून लिहिणार आहे आणि तुम्ही नीट बसून वाचायचं आहे. मशीन बंद करा.

लेकीने हट्ट धरला आणि आम्ही मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. बाई आहेत, तरुण, केस कापलेले, बोलतात भराभर. त्यांनी यांना समोर बसवलं आणि म्हणाल्या, "काका, माझ्या नाकाकडे बघा. डोळे हलवायचे नाहीत." मग दोन्ही हात पसरून बोटं हलवली. "कुठलं बोट हललं?" "हे," उजवीकडचं दाखवलं. "आता?" "कुठे, काहीच नाही." मी मागे उभी राहून बघत होते, डावीकडची बोटं नुसती नाचत होती. मग यांचा डावा डोळा झाकला आणि पुन्हा तेच. मग उजवा झाकला आणि पुन्हा तेच. झाकलेला डोळा कुठलाही असो, डावीकडची बोटं गायब.

"काका, डावा डोळा नाही हो," त्या म्हणाल्या, "डावी बाजू."

मग फोटो काढले, मोठ्या मशीनमध्ये घालून. डोक्यात उजवीकडे, पार मागे, जिथे आपण उशी टेकवतो तिथे, रक्ताची गुठळी अडकून तेवढा भाग मेला आहे. सप्टेंबरातलं पित्त ते हेच. मी म्हटलं, डोक्याच्या मागे झालं तर डोळ्याला का त्रास? आणि उजवीकडे झालं तर डावीकडचं का गेलं? त्यांनी औषधाच्या कागदामागे चित्र काढून समजावलं. मी तीनदा विचारलं, तीनदा सांगितलं, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. आता तुमच्या डोक्यात घालते.

डोळा नुसता आत घेतो. बघणं डोळ्यात होत नाही. डोळ्यात पुढे जे भिंग आहे त्यातून चित्र उलटं होऊन मागच्या पडद्यावर पडतं. डावीकडची वस्तू पडद्याच्या उजव्या अर्ध्या भागावर, उजवीकडची डाव्या अर्ध्या भागावर. दोन्ही डोळ्यांत तसंच. तो पडदा उजेडाच्या खुणा करतो आणि त्या नसेतून मागे पाठवतो. प्रत्येक डोळ्याची एक जाड नस, तिच्यात केसाहून बारीक धागे, मोजता येणार नाहीत इतके. दोन्ही नसा कपाळाच्या आत, मेंदूच्या तळाशी एकमेकींना भेटतात. तिथे गंमत आहे. तिथे प्रत्येक नसेतले नाकाकडच्या बाजूचे धागे पलीकडे जातात आणि कानाकडच्या बाजूचे आपल्याच बाजूला राहतात. म्हणजे डाव्या डोळ्याला दिसलेलं डावीकडचं आणि उजव्या डोळ्याला दिसलेलं डावीकडचं, दोन्ही एकत्र होऊन उजव्या मेंदूकडे निघतं. उजवीकडचं सगळं डाव्या मेंदूकडे. वाटेत मधोमध एक थांबा आहे, तिथे धागे बदलतात, आणि तिथून ते पसरत पसरत पार मागे जातात. तिथे गेल्यावर मग माणसाला दिसतं. तोवर नुसता निरोप.

यांचे डोळे निरोप पाठवताहेत, नसा पोचवताहेत, आणि उजवीकडच्या घरात तो घ्यायला कोणी नाही. असं आहे ते. डोळ्यांचे डॉक्टर खोटं बोलले नव्हते.

मी विचारलं, मग यांना अर्धं काळं दिसायला हवं ना? काळं दिसलं असतं तर कळलं तरी असतं. त्या म्हणाल्या, "काकू, तुमच्या पाठीमागे काय दिसतं आत्ता? काळोख दिसतो का?" मी विचार केला. काळोख नाही दिसत. काहीच नाही. तिथे काही आहे असंच वाटत नाही. "काकांचं डावीकडे तसं आहे," त्या म्हणाल्या. "आणि मेलेला भाग जरा पुढेपर्यंत पसरला आहे, त्यामुळे डावीकडे बघावं हेच त्यांना सुचत नाही. गेलं आहे याचाच पत्ता नाही."

भाऊजी, तुमचा शब्द बरोबर होता. डावललं. अगदी अक्षरशः. तुम्हाला डावललं, चौकटीला डावललं, तांब्याला, कुंडीला, त्या बिचाऱ्या "न"ला. मलासुद्धा. पलंगावर माझी बाजू डावी आहे. तीन महिने मी समजत होते की संसार जुना झाला, आता बायकोकडे वळून बघण्यासारखं काही राहिलं नसेल. हसू नका.

हे घरी आले आणि म्हणाले, "त्या पोरीला काय कळतंय. मला सगळं दिसतं." जे दिसत नाही ते दिसत नाही हे यांना कसं दिसणार? मी डोकं आपटून घ्यायचं बाकी ठेवलं आहे.

या. यांना तुम्ही सांगा. यांच्या नजरेत या जगात एकच माणूस अक्षर तपासू शकतो.

वहिनी


६ जानेवारी

भाऊजी,

तुमचा मेसेज लेकीने वाचून दाखवला. वहिनीला उत्तर द्यायचं तर पुतणीच्या फोनवर, ही नवीनच तऱ्हा. "वहिनीला सांग, मला डोळ्यांच्या गोष्टी सांगू नकोस. मागच्याच आठवड्यात दादा आमच्या प्रेसवरून रिक्षाने गेला आणि बाहेर लावलेल्या फ्लेक्सवरची वेलांटीची चूक रस्त्याच्या पलीकडून ओळखली. मालकाला फोन करून सांगितली. रस्त्यापलीकडची वेलांटी दिसते, हातभरावरचा भाऊ दिसत नाही?"

वा. मोठा मुद्दा सापडला. आता एक करा, बाहेर जा आणि बघा ती चूक फ्लेक्सवर कुठे होती. शेवटच्या शब्दात, शेवटच्या अक्षरावर. मी मालकांना विचारलं. शेवट कुठल्या बाजूला असतो, भाऊजी? अक्षरं लिहिण्यात आयुष्य गेलं तुमचं, मी सांगायला हवं? उजवीकडचं यांना पूर्वीसारखंच लख्ख दिसतं. त्याच फ्लेक्सवर पहिल्या शब्दात तुमच्याच माणसांनी काना खाल्ला आहे, आणि ती चूक यांना दिसली नाही. तिच्याबद्दल फोन आला का? नाही ना?

मी इथे घसा कोरडा करते आहे आणि तुम्ही पुरावे मागता. तुम्ही दोघे एकाच आईचे यात मला कधी शंका नव्हती, पण इतका सारखा पीळ?

आता खरी गोष्ट. डेअरीवाल्यांची नवी इमारत झाली आहे, तीन मजली. त्यांना रस्त्याकडच्या भिंतीवर नाव रंगवून हवं आहे, ब्रशने, फ्लेक्स नको. हे काम यांना मिळालं आहे. तुम्ही गेल्यापासून अशी भिंत मिळाली नव्हती. घरी आले ते उड्या मारायचे बाकी. बांबूची परांची बांधणार, हे वर चढणार, आणि त्या फळीची डावी कड यांच्यासाठी नाहीच. नाही म्हणजे नाही. मी म्हटलं, पडाल. म्हणाले, "हातात ब्रश घेतला की मला डोळे लागत नाहीत." मी म्हटलं, डॉक्टरांनी शिडीसुद्धा चढू नका म्हटलंय. म्हणाले, त्यांना भिंत रंगवायची आहे का मला?

पूर्वी तुम्ही दोघं भिंतीवर चढायचात तेव्हा तुम्ही डाव्या टोकापासून यायचात आणि हे उजव्या टोकापासून. मधोमध भेटायचात, आणि कोणाची रेघ सरळ यावरून भांडायचात. डावीकडे यांनी कधी बघितलंच नाही हो. तिकडे माझा डावऱ्या आहे, म्हणायचे. मला कधीकधी वाटतं, इतकी वर्षं ती बाजू तुमच्यावर सोडून दिली होती, म्हणून गेल्याचं यांना कळत नसेल. डॉक्टरबाईंना हे सांगितलं तर त्या हसल्या, म्हणाल्या, तसं नसतं काकू. नसेल.

मदतीला दुसरा माणूस घ्या म्हटलं तर नको. एकटा करतो म्हणतात. तुम्हाला विचारणार नाहीत, कारण "तो लेकीच्या जेवणालाही आला नाही". पुन्हा तेच.

वहिनी


१९ जानेवारी

भाऊजी,

परांची बांधून झाली. सोमवारी चढणार आहेत. मी डेअरीत जाऊन व्यवस्थापकांना भेटले, सगळं सांगितलं. त्यांनी यांना बोलावून विचारलं, "तुमच्या नजरेचा काही त्रास आहे का?" यांनी खिशातून डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी काढून पुढे ठेवली. डोळे ठणठणीत. व्यवस्थापक माझ्याकडे असे बघायला लागले की मीच संशयी बाई.

घरी येऊन हे माझ्याशी बोलत नाहीत. मी उजवीकडे उभी राहिले तरी बोलत नाहीत, म्हणजे हे मात्र खरंखुरं न बोलणं आहे. आता फरक ओळखता येतो.

लेक रडून रडून ऑफिसला गेली. बायको सांगते, लेक सांगते, डॉक्टर सांगते, सगळ्या बायका, म्हणून ऐकायचं नाही. मला एकीकडे रडू येतं आणि एकीकडे हातातलं लाटणं फेकावंसं वाटतं. तुमच्या मानापमानाचं नंतर बघू. मी स्वतः तुमच्या पाया पडेन, मोठी असून पडेन, म्हणाल तशी माफी मागेन. पण सोमवारच्या आत या. त्या फळीच्या डाव्या टोकावर जाऊन उभे राहा, नाहीतर यांना खाली ओढा, काय वाटेल ते करा.

एवढंच.

वहिनी


२३ जानेवारी

भावड्या,

आज अहोजाहो जमणार नाही. राग आला की मला तू शाळेच्या चड्डीतलाच दिसतोस.

तू आला होतास. आलास आणि गेलास!

परवा मी बाजारात गेले होते. परत आले तर समोरच्या किल्लीवाल्याने रस्त्यातच गाठलं. "धाकटे आले होते की. आत का नाही गेले?" म्हणाला. मग तो माझ्याबरोबर दुकानात आला आणि यांच्यासमोर सगळं सांगितलं. तू दारात उभा होतास. बराच वेळ. हे पाटीवर रंग भरत होते. मग यांनी मान वर केली, "अगदी दाराकडे तोंड करून बघितलं," तो म्हणाला, आणि पुन्हा पाटीत डोकं घातलं. तू वळलास आणि चालू पडलास. त्याने हाक मारली तरी थांबला नाहीस.

दाराच्या उजव्या अंगाला रंगाच्या डब्यांची मांडणी आहे. हे हिरवा डबा बघत होते. मांडणी आणि दार यांच्यात हातभर अंतर आहे. मांडणी यांच्या जगात आहे, दार नाही.

मला वाटलं आता हे म्हणणार, तो आलाच नव्हता. पण किल्लीवाल्याचा यांच्याशी ना लेना ना देना, त्याला खोटं बोलायचं कारण काय? हे त्याला म्हणाले, "तो कुठे उभा होता, तिथे उभा राहा."

तो उभा राहिला. हे स्टुलावर बसले, पाटी पुढ्यात घेतली, ब्रश हातात घेतला. मान वर केली. हिरव्या डब्याकडे बघितलं.

"उभा आहेस का?"

"आहे की."

"हात हलव."

किल्लीवाला दोन्ही हात हलवायला लागला. रस्त्यावरची दोन माणसं थांबून बघायला लागली.

"हलवतोयस का?"

"हलवतोय हो दादा. केव्हाचा."

मग यांनी हळूहळू मान डावीकडे वळवली. दाराची चौकट आली, मग किल्लीवाल्याचा एक हात आला, मग तो सगळा आला. मी यांचा चेहरा बघत होते. इतक्या वर्षांत असा चेहरा मी बघितला नाही. पुन्हा मान सरळ केली, पुन्हा वळवली. तसं कितीदा तरी केलं. किल्लीवाल्याचे हात दुखायला लागले असतील, पण तो बिचारा हलवत राहिला.

मग मला म्हणाले, "म्हणजे तो जेवायला आला होता?"

मी हो म्हटलं.

"माझ्या शेजारी बसला होता?"

"हो."

"काही आणलं होतं?"

मी पेटीचं सांगितलं. कोपराचंही सांगितलं. हे स्टुलावर तसेच बसून राहिले आणि ब्रशातला रंग पँटवर ठिबकत राहिला. "त्याला वाटलं असेल मी ढकलली," म्हणाले. मी म्हटलं, वाटलं असेल नाही, वाटलंच. मग तुझे दादा रडले. किल्लीवाला हळूच निघून गेला.

डॉक्टरबाईंनी तोंड दुखेपर्यंत सांगितलं, लेकीने सांगितलं, मी तर भांडून भांडून अर्धी झाले. कशाने पटलं नाही ते तू दारात उभा राहून निघून गेल्याने पटलं. आता तुला शाबासकी देऊ की एक ठेवून देऊ, तूच सांग.

संध्याकाळीच यांनी डेअरीला फोन करून भिंत सोडली. बोलताना आवाज स्थिर होता. फोन ठेवल्यावर बराच वेळ हात तिथेच होता. मग तुला लावला. तुझा फोन आमच्या दोघांच्याही नंबरांवरून लागत नाही, ते तू करून ठेवलं आहेस. लेकीचा लागतो, पण ती ऑफिसात होती आणि यांना वाट बघवेना. मला म्हणाले, तू लिही. मी लिहिलं तर ओळी वाकड्या जातील, त्याला ते आवडत नाही.

डॉक्टरबाईंनी व्यायाम दिला आहे. गेलेलं बहुतेक येत नाही म्हणतात. पण मान मुद्दाम डावीकडे नेऊन बघायची सवय लावली तर बरंच भागतं. आधी याच व्यायामाला हे म्हणाले होते, मी काय कोंबडा आहे? आता दिवसभर चालू असतं. पाटीवर दोन रेघा मारतात आणि मान दाराकडे नेतात. दोन रेघा, आणि दार. रंग वाळतो, पाट्या रखडल्या आहेत, गिऱ्हाईक कुरकुर करतं. मी म्हटलं, व्यायाम सकाळ-संध्याकाळ करायचा असतो. म्हणाले, तो काय वेळ सांगून येणार आहे?

आणि चालण्याचा आवाज आला की मान वळायच्या आधीच विचारतात, "डावऱ्या?" काल दूधवाल्याला विचारलं. दातांच्या डॉक्टरांना विचारलं, ते बोर्ड न्यायला आले होते. आज सकाळी मी चहा घेऊन गेले, डावीकडून गेले, माझीच चूक. "डावऱ्या?" म्हणाले. मी म्हटलं, "नाही हो, मी आहे." "बरं," म्हणाले आणि कप घेतला.

मला रोज उठून "नाही हो, मी आहे" म्हणायचा कंटाळा आला आहे. ये.

वहिनी